तुम्ही विचारा: खिडकीबाहेर काय चाललंय?

मागच्या अंकात आम्ही म्हटलं होतं की माणूस आणि निसर्ग या विषयावर काय अडतंय, काय खुपतंय ते लिहून पाठवा. मला वाटलं आता सूर्यास्तांच्या वर्णनांचा ढीग येणार. आला पण. पण त्या ढिगाखाली तक्रारी जास्त निघाल्या आणि मला त्याच आवडल्या, त्यातल्या पाच इथे घेतेय. नावं छापत नाही, पत्रं थोडी कापलीयेत, रागावू नका.

ताई, मी महिन्या-दोन महिन्यांनी कुठेतरी डोंगरात नाहीतर जंगलात जातो. ग्रुप असतो, फोटो होतात, स्टेटस टाकतो. पण खरं सांगू का, तिथे उभं राहून मला काहीच होत नाही. बाकीचे वाह वाह करतात आणि मी मोबाईलला रेंज आहे का बघत असतो. माझ्यातच काही कमी आहे का?

नाही हो, ते आधी डोक्यातून काढून टाका. वाह वाह करणाऱ्यांतले निम्मे तरी शेजारचा करतोय म्हणून करत असतात, हे आपलं माझं खाजगी मत.

मला तुमच्या पत्रात वेगळंच खटकलं. तुम्ही दर वेळी नवीन जागी जाता. आता असं बघा, दोन महिन्यांतून एकदा, दहा जणांच्या घोळक्यात, दर वेळी वेगळ्याच माणसाला तासभर भेटलात तर कोणाशी मैत्री होईल? ओळखसुद्धा नीट होणार नाही. जागेचंही तेच आहे, पण आपण जागेकडून पहिल्या भेटीतच भारावून जायची अपेक्षा ठेवतो आणि नाही झालं की स्वतःला दोष देत बसतो.

इंग्लंडच्या डर्बी विद्यापीठात माइल्स रिचर्डसन आणि त्यांचे सहकारी याच्याच मागे आहेत, निसर्गाशी जवळीक नेमकी कशाने वाढते. २०१७ साली त्यांनी पाच वाटा मांडल्या: इंद्रियांनी घेतलेला अनुभव, भावना, सौंदर्य, अर्थ आणि जिवांबद्दलची माया. गंमत म्हणजे नुसती माहिती या यादीत नाही. म्हणजे झाडाचं शास्त्रीय नाव पाठ असलं तरी ते झाड आपलं वाटेलच असं नाही, आणि नाव माहीत नसलेल्या झाडाखाली रोज उभं राहणाऱ्याला ते वाटू शकतं.

माझंच सांगते. मध्यंतरी पाय मुरगळून तीन आठवडे घरात बसले होते. खिडकीबाहेर दिव्याचा खांब आहे, तिथे रोज संध्याकाळी एक आठ पायांची कोळीण जाळं विणायची (गोल जाळं विणणारी मोठी दिसली की ती बहुतेक वेळा मादीच असते). पहिल्या दिवशी नुसतं बघितलं. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की ती आधी सायकलच्या चाकासारखे आरे ताणते, मग मधून बाहेरच्या बाजूला एक विरळ गोल फिरवत नेते. मला वाटलं झालं, संपलं. पण तो गोल नुसता पाड होता हो, बांधकामाला लावतात तसा! मग ती बाहेरून आत यायला लागली, आता खरा चिकट धागा लावत, पायाने अंतर मोजल्यासारखं करत आणि जाता जाता तो आधीचा पाड काढत. सकाळी उठून बघते तर जाळं गायब. वाऱ्याने गेलं असेल म्हटलं. पाय ठणकत होता म्हणून एकदा पहाटेच जाग आली आणि तेव्हा दिसलं, ती स्वतःच ते गुंडाळून खात होती. नंतर वाचलं की अशा बऱ्याच जातींच्या कोळ्यांची हीच रीत आहे, जुना धागा खायचा आणि त्यातलं प्रोटीन नव्या धाग्याला वापरायचं. अकरा संध्याकाळी मी तिला बघितलं, बाराव्या दिवशी ती नव्हती आणि मला चक्क वाईट वाटलं. मला! मी, जी दर रविवारी झाडू घेऊन घरातली जाळी काढते. यातली पहिली संध्याकाळ अगदीच कंटाळवाणी होती, हे मुद्दाम तुमच्यासाठी सांगतेय.

आता रेंजचं. मिशिगन विद्यापीठातल्या स्टीव्हन आणि रेचेल कॅप्लन या जोडप्याने १९८९ साली लक्ष या गोष्टीबद्दल एक मांडणी केली. एक असतं ओढून आणलेलं लक्ष, हिशोब, ड्रायव्हिंग, मेसेज, मीटिंग, याला ताकद लागते आणि ते दमतं. दुसरं आपोआप जाणारं लक्ष, पानं हलतायत, पाणी वाहतंय, ढग सरकतायत, तिकडे आपण बघत राहतो पण जोर लागत नाही, आणि तेवढ्या वेळात पहिल्याला विश्रांती मिळते. २००८ साली तिथल्याच संशोधकांनी लोकांना पन्नासएक मिनिटं चालायला लावलं, एकदा झाडांच्या बागेतून आणि एकदा गर्दीच्या रस्त्यावरून, आणि आधी-नंतर आकडे उलटे म्हणून दाखवायची परीक्षा घेतली. बागेतून आल्यावर मार्क जास्त वाढले. आणि हे खास तुमच्यासाठी, कडाक्याच्या थंडीत चालून ज्यांना काही मजा आली नव्हती त्यांनाही फायदा झाला. म्हणजे भारावलं नाही म्हणून काही मिळालंच नाही असं समजू नका.

करायचं काय, तर पुढची ट्रिप कॅन्सल करू नका, पण घरापासून पाच मिनिटांवरची एक फालतू जागा धरा. फालतूच हवी. भिंतीच्या फटीतलं रोप चालेल, गटाराकडेचं गवत चालेल, पार्किंगमधलं झाड चालेल. रोज साधारण एकाच वेळी दहा मिनिटं, एकटे, फोन खिशात, पंधरा दिवस. तरीही काही झालं नाही तर पुन्हा लिहा, भांडू आपण.

पहिल्या पावसाचा वास सगळ्यांनाच का आवडतो? आठवणी असतात म्हणून की खरंच काही असतं त्यात?

खरंच असतं. इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोघा शास्त्रज्ञांनी १९६४ साली या वासाला पेट्रिकोर असं नाव दिलं. मला विचाराल तर आपला मृद्गंध त्याहून गोड आहे, पण असो. कोरड्या दिवसांत झाडांची काही तेलं माती-दगडात मुरून बसतात ती यात असतात, आणि मातीतले काही जिवाणू, मुख्यतः स्ट्रेप्टोमायसिस, जिओस्मिन नावाचं एक रसायन बनवतात ते असतं. थेंब मातीवर आपटला की त्यात बारीक बुडबुडे अडकतात, ते सोड्याच्या बुडबुड्यांसारखे वर येऊन फुटतात आणि वास हवेत उडतो. आपलं नाक या जिओस्मिनच्या बाबतीत भलतंच तिखट, एक लाख कोटी भागांत पाच-दहा भाग असले तरी कळतं.

आता यात आपल्याला न मोजणारा भाग ऐका. २०२० साली असं दिसून आलं की हा वास मातीतल्या स्प्रिंगटेल नावाच्या चिमुकल्या जिवांना बोलावण्यासाठी कामी येतो, ते येतात, जिवाणू खातात आणि त्यांचे बीजाणू अंगाला लावून दुसरीकडे नेतात. म्हणजे निमंत्रण दुसऱ्याच कोणाला होतं आणि आपण दारात उभे राहून खूश होतोय.

मुलगी सहा वर्षांची आहे. मुंगी दिसली तरी किंचाळते, गवतावर पाय ठेवत नाही. तिला निसर्गाची आवड लागावी म्हणून पुस्तकं आणली, प्राण्यांचे चॅनेल लावले, शार्क आणि डायनासोर सगळे पाठ आहेत. खरं म्हणजे मलाही झुरळ, पाल वगैरे बघवत नाही. पण तिची भीती कशी घालवू?

तुमच्या पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य तुम्ही पटकन उरकलंत, तिथेच थांबते.

अमेरिकेतल्या सुझन मिनेका आणि मायकेल कुक यांनी १९८० च्या दशकात माकडांवर काही प्रयोग केले. प्रयोगशाळेत वाढलेली माकडं सापाला घाबरत नव्हती, त्यांना साप म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. मग त्यांना दुसरं माकड सापाला बघून घाबरतंय असं दाखवलं आणि ती लगेच शिकली. नंतर व्हिडिओत अशी जोडाजोडी केली की तेच माकड फुलाला बघून घाबरतंय असं वाटावं, तर फुलाची भीती काही कोणी शिकलं नाही. म्हणजे काही गोष्टींची भीती घ्यायला आपण तयारच असतो, फक्त ती कोणीतरी दाखवावी लागते. मुलीने अशा गोष्टींसाठी कोणाच्या तोंडाकडे बघितलं असेल ते तुम्हाला सांगायला नको.

दोष देत नाहीये हां, कारण याची दुसरी बाजू फार छान आहे. १९८६ साली त्याच दोघांनी दाखवलं की माकडांना आधी न घाबरणारं माकड सापाजवळ निवांत बसलेलं दाखवलं, तर नंतर घाबरणारं माकड बघूनही बहुतेकांना भीती लागली नाही. लस टोचल्यासारखं. तेव्हा सुरुवात मुलीपासून नाही, तुमच्यापासून. झुरळाशी दोस्ती करा असं म्हणत नाही, माझी स्वतःची नाही. मुंगीपासून करा. साखरेचे चार दाणे जमिनीवर ठेवा, तुम्ही जवळ मांडी घालून बसा आणि तिला बोलावूच नका. पहिली मुंगी दाणा सापडला की परत जाताना पोट जमिनीला टेकवत जाते आणि वासाची खूण ठेवते, त्यावरून बाकीच्या येतात. मग बोटाने ती वाट पुसा आणि बघा कशी तारांबळ उडते ती. तुम्ही बघताय म्हटल्यावर ती येईलच, पाच फुटांवर उभी राहील, राहू दे. जवळ ओढू नका.

पुस्तकं आणि चॅनेल वाईट नाहीत. पण शार्क घरात येत नाही आणि मुंगी येते, हा त्यातला घोळ आहे. २००२ साली ब्रिटनमधल्या शाळकरी मुलांना कार्डं दाखवून विचारलं होतं, तेव्हा आठेक वर्षांच्या मुलांना आसपासच्या प्राणी-झाडांपेक्षा पोकेमॉनची नावं जास्त येत होती. मुलांची शिकायची ताकद अफाट असते, आपण समोर काय ठेवतो एवढाच प्रश्न.

मातीत हात घालू द्यावा का, हे तुम्ही विचारलं नाहीये पण पुढच्या पत्रात विचाराल म्हणून सांगून टाकते. फिनलंडमध्ये काही पाळणाघरांच्या अंगणात जंगलातली माती-गवत आणून पसरलं आणि तीन ते पाच वर्षांच्या मुलांना रोज त्यात खेळू दिलं. २८ दिवसांत त्यांच्या त्वचेवरच्या जिवाणूंची विविधता वाढली आणि रक्तातही प्रतिकारशक्ती नीट नियंत्रणात राहण्याच्या खुणा दिसल्या, हे २०२० साली प्रसिद्ध झालं. तेव्हा खेळू द्या, नंतर हात धुवा. अनोळखी किडा हातात घ्यायचा नाही एवढा नियम मात्र पक्का ठेवा, आवड लावायची म्हणजे अक्कल सोडायची असं नाही.

आणि ती गांडुळापर्यंत पोचली तर तिला डार्विनआजोबांची गोष्ट सांगा. १८८१ साली, मरायच्या आदल्या वर्षी, या जगप्रसिद्ध माणसाचं शेवटचं पुस्तक आलं ते गांडुळांवर. त्यांना ऐकू येतं का बघायला त्याने शिट्टी वाजवून बघितली, बासून नावाचं वाद्य वाजवलं, पियानो मोठ्याने वाजवला, गांडुळं ढिम्म. मग कुंड्या पियानोवरच ठेवल्या आणि एकच सूर वाजवला, तर सुळकन बिळात. आवाज नाही, हादरा कळला. सहा वर्षांच्या मुलीला हे आवडलं नाही तर मला कळवा.

आठवड्याला दोन तास निसर्गात घालवायचे असं कुठेतरी वाचलं. मला वेळ नाही. त्याऐवजी घरात हवा शुद्ध करणारी सहा-सात रोपं आणली आहेत, चालेल ना?

आधी रोपांचं, वाईट बातमी आहे. हवा शुद्ध करण्याची कीर्ती आली १९८९ च्या नासाच्या एका अभ्यासातून, पण तो बंद पेटीत केलेला होता. आपलं घर बंद पेटी नाही. २०१९ साली अशा सगळ्या प्रयोगांची पुन्हा मोजदाद झाली, तेव्हा हिशोब निघाला की घरात साध्या हवेच्या ये-जा इतकं काम रोपांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटरला १० ते १००० रोपं लागतील. मग तुम्ही झोपणार कुठे? हवेसाठी खिडकी उघडा आणि रोपं आवडतात म्हणून ठेवा.

दोन तासांचं म्हणाल तर तो आकडाही २०१९ चाच, इंग्लंडमधल्या साधारण २०,००० लोकांच्या उत्तरांवरून आलाय. आठवड्यात १२० मिनिटं किंवा जास्त वेळ निसर्गात घालवलेल्या लोकांनी तब्येत आणि मन बरं असल्याचं जास्त सांगितलं, मग तो वेळ एकदम घालवलेला असो की तुकड्यांत. आता तब्येत बरी म्हणून बाहेर पडले की बाहेर पडले म्हणून बरी, हे त्यावरून पक्कं होत नाही. मला तसंही डॉक्टरने गोळी लिहून द्यावी तसं झाड लिहून देणं फारसं पटत नाही. पण तुकडे चालतात हे तुमच्या कामाचं आहे. बस येईपर्यंत वर बघा, दिवसा चंद्र दिसतोय का शोधा, तो रोज साधारण ५० मिनिटं उशिरा उगवतो, आठवडाभर माग काढलात तर तुमच्या वेळाचे बरेच तुकडे जमतील.

बाबा ७८ वर्षांचे आहेत, वर्षभर अंथरुणाला खिळून आहेत, डावी बाजू गेली आहे. जन्मभर उघड्यावर काम केलेला माणूस. त्यांच्या कॉटवरून फक्त समोरच्या इमारतीची भिंत दिसते. सारखी चिडचिड करतात, मग गप्प होतात. भाऊ म्हणतो मोठा टीव्ही घेऊ, त्यावर जंगल-समुद्र लावून ठेवू. तुम्हाला काय वाटतं?

तुमचं पत्र मी दोन-तीनदा वाचलं.

भिंतीचं तुम्हाला जे जाणवलं ते नुसतं मनाचं नाही. रॉजर उलरिख यांनी १९८४ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या एका हॉस्पिटलचे १९७२ ते १९८१ मधले रेकॉर्ड तपासले. पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या पेशंटच्या २३ जोड्या, वय वगैरे सारखं बघून लावलेल्या. फरक एवढाच की एकाच्या खिडकीतून झाडं दिसत होती आणि दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंतवाले ८.७० दिवसांत. झाडंवाल्यांना कडक पेनकिलर कमी लागले. आणि नर्सच्या नोंदी बघा, पेशंट रडतोय, फार धीर द्यावा लागतोय अशा नोंदी भिंतवाल्यांच्या माणशी चारच्या आसपास, झाडंवाल्यांच्या एकाच्या आसपास. अभ्यास छोटा आहे आणि बाबांचा आजार वेगळा आहे, त्यामुळे बरे होतील असं मी म्हणणार नाही. पण चिडचिड ही नुसती म्हातारपणाची नसेल एवढं यातून घ्या.

टीव्हीचा खर्च करायच्या आधी भावाला हे सांगा. २००८ साली वॉशिंग्टन विद्यापीठात पीटर कान यांच्या टीमने एका खोलीत कधी खरी खिडकी ठेवली, कधी तेच दृश्य दाखवणारा मोठा स्क्रीन, कधी खिडकी झाकणारा नुसता पडदा. थोडा ताण दिल्यावर वाढलेले हृदयाचे ठोके खऱ्या खिडकीपाशी लवकर खाली आले. स्क्रीन आणि नुसता पडदा यात काही फरक पडला नाही.

खोली बदलता येत असेल तर बदला, मग ती हॉल का असेना, पाहुण्यांची अडचण झाली तर होऊ दे. नसेल बदलता येत तर कॉट फिरवा. तेही नाही तर खिडकीच्या चौकटीला तिरका आरसा लावून बघा, त्यांच्या उशीवर तुम्ही स्वतः डोकं ठेवून कोन जुळवा, आकाशाचा एक तुकडा बहुतेक वेळा सापडतो. ढग येतात, पक्षी जातात, उजेडाचा रंग बदलतो. उघड्यावर काम केलेल्या माणसाला त्यातून आपल्याला कळतं त्याहून जास्त कळतं.

एक रोप द्या, पण ते त्यांचं असू दे. १९७६ साली एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी अमेरिकेतल्या एका वृद्धाश्रमात एका मजल्यावरच्या लोकांना सांगितलं की तुमचे निर्णय तुम्ही घ्या, हे रोप घ्या, तुम्हीच सांभाळा. दुसऱ्या मजल्यावरही रोपं दिली पण पाणी नर्स घालतील म्हटलं. तीन आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त हिंडती-फिरती, जास्त आनंदी दिसली. रोपाबरोबर बाकीचे निर्णयही हातात दिले होते, तेही महत्त्वाचं. बाबांचा उजवा हात चालतो ना, मग झाकणाला भोक पाडलेली छोटी बाटली द्या. पाणी जास्त झालं, गादी भिजली, रोप मेलं, तरी चालेल. मेलं तर दुसरं कुठलं आणायचं ते त्यांना विचारा.

खिडकीच्या कट्ट्यावर पाण्याचं पसरट भांडं ठेवा, त्यांना कॉटवरून दिसेल असं. पक्षी पहिल्या दिवशी येणार नाहीत, आठवडा जाईल, कदाचित दोन. भांडं रोज घासून पाणी बदलायचं, नाहीतर डास होतात. ते बदललं की नाही यावर लक्ष ठेवायचं काम बाबांकडे द्या, विसरलात म्हणून ओरडले तर ओरडू दे.